वाटाड्या
आज खिरेश्वरहून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगड केला, १४२४ मीटर, वर धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना आणि अशात गावातले एक काका सोबत होते म्हणून सगळं नीट झालं. ग्रुपमधली पोरं त्यांना गाईड गाईड करत होती पण मला विचाराल तर वाटाड्या हाच खरा शब्द. ढोरवाट कुठली, पायवाट कुठली, शेवाळलेला कातळ कुठे, कोकणकड्याच्या किती अलीकडे थांबायचं, सगळं त्यांच्या पायांना पाठ. आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नव्हते!! पावसाळ्यात जाताय ना, मग नुसत्या मोबाईलच्या मॅपवर विसंबू नका, गावातला वाटाड्या घ्या, आणि पैसे देताना घासाघीस अजिबात करू नका प्लीज.