तोंडदेखल्या पात्रांची गोष्ट

ब्रिटनच्या टीव्हीवर आज भारतीय वंशाची माणसे सर्रास दिसतात. रुग्णालयाच्या मालिकेत डॉक्टर, पोलिसी मालिकेत सहकारी, जाहिरातीत शेजारी अशा जागी आपला चेहरा ठरलेलाच असतो आणि दापोलीहून फोनवर बोलणारे माझे नातेवाईक त्याचे कौतुकही करतात. त्या डॉक्टरला घरदार आहे का, तो कधी चिडतो का, त्याच्या एखाद्या निर्णयाने कथानकाला वळण मिळते का, हे मात्र मी पाहत असतो. पुष्कळदा तो नायकाला तपासणीचा अहवाल वाचून दाखवतो आणि दाराबाहेर जातो. इथे यालाच टोकनिझम म्हणतात. मोजणीत तो धरला जातो, गोष्टीत नाही.

पूर्वीची स्थिती याहून वाईट होती, हे मान्य केले पाहिजे. बीबीसीवर १९७४ साली सुरू झालेल्या 'इट एन्ट हाफ हॉट मम' या मालिकेत रंगी राम हे भारतीय पात्र मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग फासून केले. बेट्स यांचा जन्म झाशीचा आणि हिंदुस्थानी भाषा त्यांना येत होती. तरीही भारतीय माणसाची भूमिका भारतीय नटाकडे गेली नाही, ती नाहीच. अमेरिकेत 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार आपू १९९० पासून हँक अझारिया या गोऱ्या नटाच्या आवाजात बोलत होता. आपूला कुटुंब होते, डॉक्टरेट होती, स्वतःच्या कथाही होत्या, त्यामुळे तो निव्वळ शोभेचा नव्हता. पण तिथल्या टीव्हीवर दुसरे भारतीय पात्र जवळजवळ नसल्याने, त्या ओढूनताणून केलेल्या उच्चारांवरूनच शाळेतल्या भारतीय मुलांना चिडवले जाई. भारतीय वंशाचे अमेरिकन विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये माहितीपट करून हे दुखणे उघडपणे मांडले आणि २०२० मध्ये अझारिया यांनी तो आवाज देणे थांबवले. एकट्या पात्रावर अख्ख्या समाजाचा भार पडला की त्यातल्या साध्या विनोदाचाही काच होतो, असे मला वाटते.

खरा फरक पडतो तो लेखणी कोणाच्या हाती आहे यावर. १९९८ साली बीबीसीवर आलेला 'गुडनेस ग्रेशस मी' हा छोट्या विनोदी प्रसंगांचा कार्यक्रम मीरा सयाल, संजीव भास्कर या भारतीय वंशाच्या ब्रिटिश कलाकारांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी केला. त्यातल्या एका प्रसंगात मुंबईतली भारतीय मित्रमंडळी इंग्रजी जेवणाच्या हॉटेलात जातात, गोऱ्या वेटरच्या नावाचा उच्चार बिघडवतात आणि तुमच्याकडे सर्वांत मिळमिळीत पदार्थ कोणता, असे विचारतात. ब्रिटनमधल्या भारतीय हॉटेलांतल्या वेटरांनी वर्षानुवर्षे सोसलेली वागणूक इथे जशीच्या तशी उलटवली आहे. ही उलटापालट बाहेरच्या लेखकाला सुचणे अवघड होते.

हे सारे गावाकडच्या वाचकांसाठी लिहिण्याचे कारण असे की हीच कसोटी आपण आपल्या मराठी मालिकांना लावत नाही. मालवणी बोलणारा माणूस पडद्यावर बराच काळ घरगडी नाहीतर हसवणारा गाववाला होता. रंगभूमीवर गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळींच्या अभिनयाने अख्खे मालवणी गावच मध्यभागी आणले. टीव्हीवर २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, तेव्हा घराघरांत मालवणी पोहोचली याचा मला आनंद झाला. पण कोकण म्हणजे भुतेखेते आणि वाड्यातली भांडणे, ही समजूतही तिने पक्की केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि कोकणी मुसलमान? हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागू नये. होड्यांतून सुरमई, बांगडा, कोळंबी वाळूवर उतरते, बर्फ फोडला जातो, बोली चढत जाते, आणि त्या गर्दीत कोळीही असतात, मुसलमानही असतात. दाभोळ, बाणकोटपासून रत्नागिरीच्या राजिवड्यापर्यंत ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घरातला एखादा बोटीवर किंवा आखातात नोकरीला, हे चित्रही आपल्या ओळखीचे आहे. माझ्या पाहण्यातल्या मालिकांत मात्र हा शेजारी आलाच तर ईदेच्या दिवशी शिरखुर्मा घेऊन येतो, एकोप्याचे दोन शब्द बोलतो आणि पुढच्या ईदेपर्यंत नाहीसा होतो. ब्रिटिश मालिकेतल्या त्या अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरपेक्षा तो वेगळा कुठे आहे?

वाहिन्यांनी उद्या हर्णैवर मालिका काढली, तर लेखकांच्या चमूत राजिवड्याचा, बाणकोटचा एखादा मुलगा किंवा मुलगी बसवावी आणि त्यांना हवे ते लिहू द्यावे: डिझेलच्या उधारीवरून भावाशी धरलेला अबोला, आखातातून कायमचा परतलेला आणि घरात कोणालाच नीट न ओळखणारा बाप, नर्सिंगला जायचा हट्ट धरलेली मुलगी. त्यातला एखादा माणूस स्वार्थी किंवा खोटारडा निघाला तरी चालेल. शेजारच्या हिंदू घरातल्या पात्रांना तेवढी मुभा आपण पहिल्याच भागापासून देतो.