थिएटरात बघू की घरी?

नवा मराठी सिनेमा आला की हमखास विचारणा होते, "तिकीट काढण्यासारखा आहे, की ओटीटीवर येईपर्यंत थांबू?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मारधाड, गाणी असतील तर थिएटर आणि साधा, शांत सिनेमा असेल तर घर, असा लोकांचा हिशेब असतो. माझा बरोबर उलटा आहे.

'वाळवी' (२०२३) घरी बघा, फारसं काही हुकणार नाही. सगळा खेळ संवादांचा आणि कथेतल्या वळणांचा. पण 'साबर बोंडं' (२०२५) घरी बघणं म्हणजे निम्मा सिनेमा सोडून देणं. कॅमेरा एका जागी रोवलेला, बोलणं तुटक. हातात फोन असला की संपलंच. 'कोर्ट'चंही तेच. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. घरी तिथे हात रिमोटकडे जातो. थिएटरात काहीजण उठून चालू लागतात आणि तेवढ्यात न्यायाधीश सहलीला निघालेले दिसतात! 'सैराट'च्या शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. ती शांतता घरच्या पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाही.

आता थिएटरात काय बिघडतं ते. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्यासाठीच पडद्याला बारीक भोकं असतात. थिएटरातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या डॉल्बीच्या यंत्रावर प्रमाण आकडा ७. पण जाहिराती नि ट्रेलर कानठळ्या बसवतात, प्रेक्षक कुरकुरतात, म्हणून तो बऱ्याचदा ५ वर किंवा त्याखाली आणला जातो आणि सिनेमा सुरू झाला तरी तिथेच राहतो. दणदणीत सिनेमा त्यातून निभावतो, पण हळू बोलणाऱ्या माणसांचा सिनेमा मरतो. मग 'मराठीत साउंडच धड नसतो' म्हणून आपण मोकळे. पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला आवाज वाढवायला सांगा. मध्यंतरापर्यंत थांबलात तर अर्धे संवाद गेलेच.

खुर्ची निवडताना पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावरची, मधोमध घ्या. १५ रांगा असतील तर दहावी. आवाजाचं गणित साधारण त्याच भागासाठी जुळवतात. शेवटच्या रांगेतली महागडी रिक्लायनर झोपायला उत्तम. तिथे मागच्या भिंतीवरचे स्पीकर थेट डोक्यावर येतात.

घरीच बघणार असाल तर टीव्हीतलं मोशन स्मूदिंग आधी बंद करा. कंपनीगणिक त्याचं नाव बदलतं, ट्रूमोशन काय, मोशनफ्लो काय. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घुसडतो, म्हणून सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. साउंडबार नसेल आणि अ‍ॅपमध्ये पर्याय असेल तर ५.१ (सहा स्पीकरांत वाटलेला आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा, संवाद बरेच स्पष्ट होतात.

आणि जायचं तर पहिल्या तीन दिवसांतच जा. दुसऱ्या शुक्रवारी शो निम्म्यावर येतात, उरलेले अडनिड्या वेळी. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइममध्ये लावणं सक्तीचं झालं खरं, पण तो प्राइम टाइम ठरला दुपारी १२ ते रात्री ९! मंगळवारी दुपारी साडेबाराचा शोही त्यात बसतो.