द्रव स्फटिकाच्या पडद्याने झोत बदलताना : पैठणच्या मागावरील दिव्याची तिसरी नोंद

मागील नोंद पीडीएलसी फिल्मची (वीज दिली की दुधीची पारदर्शक होणाऱ्या द्रव स्फटिकाच्या पडद्याची) जोडणी पूर्ण होऊन पडदा पहिल्यांदा पारदर्शक झाला, त्या रात्रीपाशी थांबली होती. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत बरीच मोजमापे झाली, दिवा दोनदा पैठणला जाऊन आला आणि आराखड्यातील एक मूळ समजूत मला सोडून द्यावी लागली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी उद्देश पुन्हा सांगतो. माझी आत्या पैठणी विणते. पदरावरील मोराचे धागे मोजताना तिला अरुंद आणि प्रखर झोत लागतो. जरीचे धागे भरताना मात्र तोच झोत जरीवरून परतून थेट डोळ्यांत शिरतो. "आरं, नुसती जरच चमकती, धागा कुठं दिसतोय?" हे तिचे वाक्य या खटाटोपाचे मूळ आहे. दिवा न हलवता आणि भिंग न बदलता केवळ व्होल्टेजने झोत अरुंद किंवा रुंद करता यावा, एवढेच मला साधायचे आहे.

दिव्यात १० वॅटचा एलईडी आणि २४ अंशांचा झोत देणारे भिंग आहे, त्यापुढे ही फिल्म. तिच्यात पॉलिमरमध्ये अडकलेले द्रव स्फटिकाचे सूक्ष्म थेंब असतात आणि दोन्ही बाजूंना इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर असतो. वीज नसताना प्रत्येक थेंबातील रेणूंची दिशा वेगळी असते, त्यामुळे थेंबाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) भोवतालच्या पॉलिमरशी जुळत नाही, प्रकाशाचे विकिरण होते आणि पडदा दुधी दिसतो. वीज दिली की रेणू विद्युत क्षेत्राच्या दिशेने उभे राहतात, अपवर्तनांक जुळतो आणि पडदा निवळतो. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर पायाभूत काम झाले. आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की दुधी पडदा प्रकाश अडवत नाही. बहुतांश प्रकाश विखरून पुढेच जातो.

जोडणीबाबत विचारणा झाली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फिल्म कात्रीने कापली की कडेला दोन्ही वाहक थर एकमेकांना चिकटू शकतात आणि वीज देताच तिथे बारीक ठिणगी उडून काळा डाग पडतो. माझा पहिला तुकडा असाच गेला. आता मी कडेची ८ मिमीची पट्टी ब्लेडने अलगद उचलतो, एकाच बाजूचा थर सोलून काढतो, उघड्या पडलेल्या भागावरचा चिकट पांढरा लेप स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो आणि त्यावर तांब्याची पट्टी दाबून बसवतो. दुसऱ्या टोकाला हेच उलट बाजूने करावयाचे. लेप पूर्ण पुसला गेला की पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत लागतो. बोट जरा जरी अडखळले, तरी पुन्हा पुसावे.

वीजपुरवठ्याचा पहिला मार्ग डिमरस्टॅट (विजेचा दाब कमी-जास्त करणारे उपकरण) आणि त्यापुढे २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर असा होता. घरी तो चालला, पैठणला चालला नाही, कारण संध्याकाळी तिथला विजेचा दाब वरखाली होतो आणि त्याबरोबर पडदाही दुधी-पारदर्शक होत राहतो. शिवाय अर्धवट स्थितीत ५० हर्ट्झच्या साइन तरंगावर प्रकाश सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. डोळ्याला तो जेमतेम जाणवतो, मोबाइलच्या मंदगती चित्रणात मात्र स्पष्ट दिसतो. तासन्‌तास मागावर बसणाऱ्या माणसाला असा उजेड देणे मला पटले नाही. आता १२ व्होल्टच्या बॅटरीवरून, दाब वाढवणाऱ्या बूस्ट मॉड्यूलने, ५५ व्होल्टपर्यंत बदलता येणारा दाब घेतो आणि चार मॉस्फेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) पुलाने त्याचा १०० हर्ट्झचा चौकोनी तरंग करतो. क्षेत्र उलटे झाले तरी रेणूंना फरक पडत नाही, केवळ त्याची तीव्रता कळते, म्हणून चौकोनी तरंगावर थरथर जवळपास नाहीशी झाली. फिल्मशी एकसर जोडणीत २.२ मायक्रोफॅरडचा प्लास्टिक कपॅसिटर आवर्जून टाकला आहे, कारण एकाच दिशेचा दाब टिकून राहिला तर आयन (विद्युतभारित कण) एका बाजूला साचतात आणि फिल्म कायमची खराब होते. प्रवाह अवघा २ मिलिअँपिअरच्या आसपास आहे. पण ५५ व्होल्ट आहेत, तेव्हा उघड्या पट्ट्यांवर टेप हवीच.

फिल्म भिंगाला चिकटवून बसवली होती, तेव्हा तासाभरात ती तापून ६१ अंश सेल्सिअसवर गेली आणि वीज नसतानाही तिचा दुधीपणा विरळ झाला. द्रव स्फटिक ठरावीक तापमानाच्या वर साधा द्रव होऊ लागतो, त्याचाच हा परिणाम. फिल्म ८ सेंमी पुढे सरकवली तेव्हा तापमान ४६ अंशांवर आले आणि त्याहून मोठा लाभ असा झाला की उजळणारा ठिपका सुमारे ५ सेंमी रुंद झाला. जरीवरची चमक झोताच्या कोनापेक्षा प्रकाशाचा उगम किती लहान आहे यावर अधिक अवलंबून असते, हे मला आधी सुचायला हवे होते.

आता त्या समजुतीकडे येतो. नॉब फिरवत गेलो की झोत २४ अंशांपासून हळूहळू रुंदावत जाईल, असे मी धरून चाललो होतो. एक मीटरवर, मध्यबिंदूशी आणि त्यापासून ५० सेंमी बाजूला, उजेड मोजणाऱ्या लक्समीटरने वाचने घेतली. ४८ व्होल्टला मध्यभागी २,२५० आणि बाजूला ७० लक्स मिळाले. वीज बंद असताना ४३० आणि १८०. पंचवीस व्होल्टला मध्यभागी १,०५० आले. हा आकडा ३४ टक्के सरळ झोत आणि ६६ टक्के विखुरलेला प्रकाश यांच्या मिश्रणाचा असेल, तर बाजूला सुमारे १४३ लक्स मिळायला हवेत. मीटरने १४५ दाखवले. म्हणजे मधल्या व्होल्टेजला झोत रुंदावत नाही. अरुंद झोत फिका होतो आणि त्याभोवतीचे वलय उजळ होते, एवढेच. मागावर हे फार ठळक दिसते: मोराच्या मानेवर पांढरा ठिपका तसाच राहतो आणि भोवती धुकट उजेड पसरतो. त्यातच व्होल्टेज वाढवताना आणि कमी करताना एकाच आकड्याला पडद्याची स्थिती वेगळी असते, त्यामुळे नॉबवर खुणा करण्यातही अर्थ उरत नाही.

खरोखर रुंदावणारा झोत हवा असेल, तर विकिरणाऐवजी अपवर्तन, म्हणजे प्रकाश विखुरण्याऐवजी वळवणे, वापरावे लागेल. जपानमधील अकिता विद्यापीठाच्या सुसुमू सातो यांनी १९७९ मध्ये द्रव स्फटिकाचे भिंग मांडले. तीच कल्पना पट्टेदार रूपात वापरता येते: एका काचेवर वाहक थराच्या समांतर पट्ट्या ठेवल्या की पट्टीजवळ रेणू अधिक उभे होतात, दोन पट्ट्यांच्या मध्ये कमी, आणि अपवर्तनांकाची ही चढउतार ओळीने मांडलेल्या दंडगोल भिंगांसारखी वागते. मात्र असा सेल (दोन काचांमधला द्रव स्फटिकाचा थर) रेणूंच्या दिशेने ध्रुवित असलेल्याच, म्हणजे त्याच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावर काम करतो. एलईडीचा प्रकाश अध्रुवित असल्यामुळे दोन ध्रुवणांसाठी दोन आणि आडव्या-उभ्या पसरण्यासाठी त्यांची दुप्पट, असे चार सेल एकावर एक लागतात.

त्यांपैकी एक सेल मी केला आहे. पट्ट्या आणि मधली जागा प्रत्येकी ०.१५ मिमी, काचांमधील अंतर ३० मायक्रॉन, आतून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा लेप देऊन मखमलीच्या कापडाने रेणू एका दिशेने राहावेत म्हणून एकाच दिशेने घासलेला. आत इंग्लंडमधील हल विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७३ मध्ये दिलेले ५सीबी हे द्रव स्फटिक भरता आले असते, परंतु ते ३५ अंशांच्या आसपास साधा द्रव होते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये तेवढे तापमान सावलीतच असते. म्हणून ६० अंशांच्या जवळपास टिकणारे ई-७ मिश्रण घेतले. लाल लेसरचा ठिपका २ मीटरवरील भिंतीवर पाहिला, तेव्हा ६ व्होल्टला तो १६ सेंमी लांब आडव्या रेषेत पसरला; जुन्या कॅल्क्युलेटरमधून काढलेला ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी) मध्ये धरून ९० अंशांत फिरवला, तेव्हा रेषा मिटून पुन्हा ठिपका झाला. दोन व्होल्टपासून पुढे रेषा सलग लांबत जाते, हे पाहून फार आनंद झाला. मध्ये थोडा प्रखर ठिपका उरतो, कारण पट्ट्यांच्या सपाट भागातून जाणारा प्रकाश वळत नाही. पुढील सेलमध्ये पट्ट्या निम्म्या रुंदीच्या करीन आणि पहिल्याशी काटकोनात घासून जोडीन.

आत्याच्या दिव्यावरून नॉब काढला आहे. तिथे आता दोनच जागा असलेला स्विच आहे: वर केला की मोजण्याचा झोत, खाली केला की जरीचा उजेड.