डिकीतलं अर्थिंग आणि पखवाजाची डावी बाजू

माझे बाबा धायरीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. वाजवायच्या आधी डाव्या बाजूला भिजवलेली कणीक थापतात; तिच्या वजनाने आवाज खोल जातो. गाडीत अभंग लावला की नेमकी तीच बाजू गायब व्हायची, ऐकू यायची ती फक्त उजवीकडची बोटं. गाडीच्या दारातल्या लहान स्पीकरना ते झेपत नाही. गेल्या वर्षी मी सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा मोठा स्पीकर, आणि त्याला ताकद देणारा 300 वॅटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेतला आणि एका दुकानातून बसवून घेतला.

आठवडाभर ठीक चाललं. मग रेस दिली की स्पीकरमधून बारीक शिटी यायला लागली, इंजिनाबरोबर चढणारी. जोराची थाप पडली की ॲम्प क्षणभर बंद. दुकानात विचारलं तर म्हणाले, "साहेब, आवाज जरा कमी ठेवा."

रविवारी बोनेट उघडून बॅटरीपासून वायरचा माग काढला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून ती नुसत्या भोकातून आत नेली होती, रबरी बुश नाही. पत्र्याची धार घासून घासून प्लास्टिक गेलं होतं आणि नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं. बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच. ॲम्पवर फ्यूज असतो, पण तो वायरच्या पार दुसऱ्या टोकाला. मधेच वायर बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतते आणि वायर पेट घेते. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, त्या वायरसाठी असतो. मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी बसते. मी त्याच वेळी बॅटरीचं कनेक्शन काढून टाकलं.

सामान आणायला आधी नाना पेठ, मग तपकीर गल्ली. तिथल्या काकांनी दोन केबलची टोकं कापून ब्लेडने खरवडून दाखवली. एक आतून चांदीसारखी पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. दुसरी आतपर्यंत लाल. "हीच घे, महाग आहे पण तापणार नाही." 4 गेजची, म्हणजे साधारण 21 चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची घेतली.

फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला, फ्यूज 40 ॲम्पिअरचा. पत्र्याच्या भोकात रबरी बुश घातला. पॉवर केबल डाव्या बाजूच्या कार्पेटखालून आणि आवाजाची आरसीए वायर उजवीकडून नेली, कारण दोन्ही शेजारी टाकल्या तर शिटीला आणखी एक वाट मिळते. रिमोटची वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला जोडली, स्टिरिओ बंद केला की ॲम्पही बंद.

खरा दोष डिकीत सापडला. ॲम्पच्या अर्थिंगची वायर दुकानवाल्यांनी मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंगावरच दाबून टाकली होती. हा बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला कुणी हात लावूच नये. इंजिन चालू ठेवलं, अभंग मोठ्याने लावला आणि मल्टिमीटरची एक पिन ॲम्पच्या निगेटिव्हला, दुसरी शेजारच्या उघड्या पत्र्याला लावली. प्रत्येक थापेला काटा 0.9 व्होल्टपर्यंत जायचा. तिथे जवळपास शून्य हवं. पॉझिटिव्हने आणलेला सगळा करंट परत जातो तो इथूनच, आणि त्याच्याच वाटेत रंगाचा थर होता.

नवी जागा निवडताना आधी गाडीखाली वाकून पाहिलं की पलीकडे पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही ना. मग भोक पाडलं, पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला लग (धातूचं कडं) दाबून बसवला, दातेरी वॉशर घालून नट आवळला. वरून ग्रीस, नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात गंज धरणारच. वायर जेमतेम दीड फूट. मीटर परत लावला: 0.03.

मग गेन. तो आवाजाचा खटका नव्हे, स्टिरिओशी ॲम्पचा मेळ बसवायचा स्क्रू आहे. सबवूफरच्या दोन्ही 4 ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की 2 ओहम होतात. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट: 300 गुणिले 2 म्हणजे 600, त्याचं वर्गमूळ साधारण 24.5. सबवूफर सोडवून 50 हर्ट्झचा टोन पाऊण आवाजावर लावला आणि मीटर एसीवर 24.5 दाखवेपर्यंत स्क्रू सावकाश फिरवला. दुकानदाराने तो पूर्ण फिरवून ठेवला होता. लो-पास, म्हणजे फक्त खालचे सूर सबवूफरकडे जाऊ देणारा फिल्टर, 80 हर्ट्झवर ठेवला.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन दिवे घाटातून सासवडला निघालो. वळणांवर रेस देत होतो, शिटी कुठेच नाही. अभंग सुरू झाला, ताल धरला गेला आणि सीटच्या पाठीतून पहिली थाप आली. बाबांनी बोलणं थांबवलं, मान तिरकी करून चार आवर्तनं ऐकली.

"अरे, याने कणीक जरा जास्तच लावलीय," ते म्हणाले.