मामांबरोबर पाहिलेल्या निळ्या पाट्या

लंडन आय आणि टॉवर ब्रिज पाहुणे आपले आपण पाहून येतात. नामवंत माणसं लंडनमध्ये जिथे राहिली, त्या घरांवरच्या निळ्या पाट्या दाखवायला मात्र मी स्वतः नेते. गेल्या उन्हाळ्यात सदाशिव पेठेतले मामा आले, तेव्हा आधी मेडा व्हेलमधलं १०, हाउली प्लेस गाठलं. लोकमान्य १९१८-१९ मध्ये इथे राहत होते, एवढंच भिंतीवरची गोल निळी पाटी सांगते. कशासाठी आले होते, याचा उल्लेख नाही. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने पुस्तकात केलेल्या आरोपांवरून टिळकांनी त्याच्यावर बदनामीचा दावा लावला होता.

"दावा हरले, वर खर्चाचा डोंगर! आणि हे आता पाटी लावून मोकळे," मामा म्हणाले, तेही शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या आवाजात.

हायगेटला ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह. सावरकर इथे राहत. याच गोतावळ्यातल्या मदनलाल धिंग्रांनी १ जुलै १९०९ रोजी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. ज्या सावरकरांवर स्कॉटलंड यार्डची पाळत होती, त्यांच्या नावाची पाटी १९८५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने लावली. आता तिथे लोक राहतात, म्हणून फोटो काढून आम्ही निघालो.

आत जाता येतं ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरात. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास चालू होता. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. निवासी घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलचा विरोध होता, पण २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. मामा इथे बराच वेळ रेंगाळले. मलाही तिन्हींत हेच घर आवडतं, कारण बाकी दोन्हीकडे फुटपाथवरूनच मागे फिरावं लागतं.

या पाट्या आता इंग्लिश हेरिटेज ही संस्था लावते. तिच्या पाटीसाठी माणूस जाऊन २० वर्षं व्हावी लागतात, आणि त्याने आज पाहिलं तर ओळखेल अशा रूपात घर उभं असावं लागतं. अर्थात १८६७ मध्ये कवी बायरनच्या ज्या घरावर पहिली पाटी लागली, ते घरही १८८९ मध्ये पाडलंच.

परतताना ट्यूबमध्ये मी पुण्यातल्या भिडे वाड्याचा विषय काढला. १८४८ मध्ये फुले दांपत्याने जिथे मुलींची शाळा काढली, तो वाडा न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. लंडनचा नियम लावला, तर त्या जागी पाटी बसणारच नाही.

"अगं, वाडा मोडकळीला आला होता. आधी जागा तर ताब्यात यायला हवी होती," मामा म्हणाले.

ते खरंच आहे. तरी दर्शनी भिंतीला टेकू देऊन मागे हवं ते बांधता आलं असतं, असं मला वाटतं. मामांना ते पटलं नाही; बेकर स्ट्रीट येईपर्यंत आमचा वाद चालूच होता.