तुम्ही विचारलंत म्हणून : बसायच्या फळीला दयेचं नाव कशाला?

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमधलं लाकूडकाम हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. त्यावर बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो : ‘मिझेरिकॉर्ड म्हणजे नक्की काय? कुणी खंजीर म्हणतं, कुणी मठातली खोली म्हणतं, आणि तुम्ही तर आसनाची फळी दाखवताय!’

तिन्ही बरोबर आहेत. पण फळीचं कारण कळायला आधी दुखऱ्या पायांकडे बघायला हवं.

संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या मठांत साधू दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थनेला जमत. बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात पुरी व्हायची, आणि बराचसा वेळ उभ्यानेच जायचा. तोही दगडी इमारतीत, कडाक्याच्या थंडीत. धडधाकट माणसाला हे झेपे, पण म्हाताऱ्या, आजारी साधूंनी काय करायचं? सुरुवातीला त्यांना टेकायला काठ्या, कुबड्या चालवून घेतल्या. मग सुतारांनी आसनातच सोय केली. बैठक बिजागरीवर उचलता येईल अशी बसवली आणि तिच्या खालच्या अंगाला एक अरुंद फळी ठेवली. बैठक वर केली की ही फळी बरोबर टेकायच्या उंचीवर येते. माणूस उभाच दिसतो, पण पायांवरचा भार उतरलेला असतो. नियमही पाळला जातो आणि म्हाताऱ्याचे गुडघेही वाचतात. मला या फळीचं अप्रूप वाटतं ते यामुळेच.

लॅटिनमधल्या ‘मिझेरिकॉर्दिया’चा अर्थ दया, करुणा. कणव आणि हृदय असे दोन शब्द त्यात एकत्र आले आहेत. मठांच्या बोलण्यात मात्र त्याला ‘नियमातून दिलेली सवलत’ असा नेमका अर्थ आला. जर्मनीतल्या हिर्साउच्या मठाच्या अकराव्या शतकातल्या नियमावलीत तो या आसनासाठी वापरलेला आहे. जेवणातल्या सवलतीलाही तोच शब्द. एरवी वर्ज्य असलेलं मांस जिथे खाता येई, त्या खोलीलाही मिझेरिकॉर्ड म्हणू लागले. खंजिराचं नाव रणांगणावरचं आहे. चिलखताच्या फटीतून आत जाईल असं त्याचं पातं निमुळतं असे. मरणाच्या दारातल्या सरदाराच्या यातना त्याने संपवत म्हणून हे नाव पडलं, असं एक स्पष्टीकरण. तो गळ्याशी आला की पडलेला शत्रू दयेची याचना करी म्हणून, असं दुसरं.

याच शब्दाचं पोर्तुगीज रूप आपल्याकडेही पोचलं होतं. 1498 मध्ये लिस्बनला राणी लिओनोरच्या पुढाकाराने ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाची सेवाभावी संस्था निघाली. गरीब, आजारी, कैदी यांच्यासाठी काम करणारी तशीच संस्था सोळाव्या शतकात गोव्यातही उभी राहिली.

आता नक्षी. फळीला खालून आधार हवा म्हणून तिथे लाकडाचा जाड भाग ठेवत आणि त्यावर कोरीवकाम करत. बैठक, फळी आणि नक्षी सहसा ओकच्या एकाच ठोकळ्यातून काढलेली असते. जोड दिला तर वजनाने निखळायची भीती. विषय पाहून लोक चकित होतात : बदकांना प्रवचन देणारा कोल्हा, नवऱ्याला बडवणारी बायको, शेतातली कामं, जलपऱ्या. काहीजण सांगतात की कारागिरांनी हे मठाधिपतींची नजर चुकवून कोरलं. मला हे पटत नाही. पैसे चर्चचे होते आणि बसणारे रोज बैठका उचलत होते, मग लपणार कसं? जिथे टेकून बसायचं तिथे संतांच्या मूर्ती कोरणं शोभलं नसतं, म्हणून बाहेरच्या जगाला जागा मिळाली, हे मला जास्त सयुक्तिक वाटतं.

एक्सेटरच्या कॅथेड्रलमधला संच तेराव्या शतकातला, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या संचांपैकी. त्यात एक हत्ती आहे. सोंड आहे, सुळे आहेत, पण पाय गाईबैलांसारखे, खुरांचे! आपल्या माणसाला ते क्षणात खटकतं. त्या काळी इंग्लंडात हत्ती पाहिलेला माणूस विरळा. 1255 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईने तिसऱ्या हेन्रीला एक हत्ती भेट दिला आणि तो लंडनच्या टॉवरमध्ये ठेवला होता. एक्सेटरच्या कारागिराने तो पाहिला असेल, असं त्या पायांवरून तरी वाटत नाही. ऐकीव माहितीवर किंवा एखाद्या चित्रावर त्याने हत्ती उभा केला, आणि पाय मात्र ओळखीच्या जनावराचे लावले.