छोटा एल

ज्येष्ठांना संगणक शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. वर्गात येणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते: मुलगा किंवा मुलगी शिकवायला बसते, पण दोन मिनिटांत माउस हातातून काढून घेते, भराभर चार ठिकाणी क्लिक करते आणि 'हे बघ, झालं' म्हणून उठते. ही तक्रार मी मनापासून ऐकत असे, पालकांची बाजू घेऊन मुलांशी बोलतही असे, आणि घरी आईच्या बाबतीत नेमके तेच करत असे. आईने एका कार्यालयात तीस वर्षे टंकलेखिका म्हणून नोकरी केली. कळफलकाची तिला भीती नव्हती. उलट न पाहता टाइप करणारी माझ्या माहितीतली ती एकमेव ज्येष्ठ व्यक्ती होती. म्हणूनच तिच्या चुका मला अधिक खटकत. एके दिवशी मला काही न सांगता ती वर्गाला आली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

वर्गात मी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणते. तिच्यापाशी पोहोचल्यावर क्षणभर अडखळले आणि तिलाही 'तुम्ही' म्हणाले. ती हसली नाही. वही उघडून, पेन हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. 'तू'ने बोलताना वाक्याच्या शेवटी जी घाई माझ्या तोंडून निघते, ती 'तुम्ही'बरोबर निघाली नाही, हे मला तेव्हाच जाणवले. नव्या विद्यार्थ्यासाठी पहिल्या दिवशी जे करते ते तिच्यासाठीही केले: पडद्यावरचा बाण मोठा केला आणि डबल क्लिकचा वेग कमी केला. विंडोजमध्ये दोन क्लिकमध्ये मुळात ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाचीच मुभा असते, आणि त्या वेळात हात थरथरून बाण थोडासा जरी सरकला तरी डबल क्लिक धरले जात नाही. ही दोन मिनिटांची कामे घरच्या संगणकावर मी कधीच केली नव्हती.

त्या दिवशी एक्सेलमध्ये बेरीज शिकवायची होती. प्रत्येकाने आपण आठवडाभरात रोज किती पावले चाललो ते वहीत लिहून आणले होते. आईने शेजारच्या बाईंच्या वहीतले सात आकडे घेतले: २३१०, १८४०, २६५०, १४००, ३२००, १९७५ आणि २२६५. ते तिने एकाखाली एक इतक्या झपाट्याने टाइप केले की शेजारच्या बाई थांबून तिच्या बोटांकडेच पाहू लागल्या. मी सांगितल्याप्रमाणे तिने बेरजेचे सूत्र लिहिले आणि एंटर दाबले. उत्तर आले ८११५.

"हे चुकलंय," आई म्हणाली. "पंधरा हजार सहाशे चाळीस यायला हवेत."

तिने तोंडी बेरीज केली होती. मी घरी असते तर 'संगणक चुकत नाही, तूच काहीतरी वेगळं दाबलं असशील' असे म्हणून माउस हातात घेतला असता. वर्गात तसे करायचे नाही, असा माझा स्वतःला घालून दिलेला नियम आहे. म्हणून तिच्या मागे उभी राहून आधी रकाना नीट पाहिला. सातांपैकी तीन आकडे रकान्याच्या उजव्या कडेला होते आणि चार डाव्या कडेला. एक्सेल संख्या आपोआप उजवीकडे लावते आणि अक्षरे डावीकडे. म्हणजे त्या चार ओळी त्याच्या लेखी संख्या नव्हत्याच, आणि मजकूर म्हणून बेरजेतून त्या वगळल्या गेल्या होत्या. त्या चारही आकड्यांत एक हा अंक होता. उरलेल्या तिघांत तो नव्हता.

"तुम्ही पहिला आकडा पुन्हा टाइप करून दाखवा," मी म्हणाले, आणि या वेळी पडदा न पाहता तिच्या हातांकडे पाहिले. दोन, तीन, आणि मग डावी करंगळी वरच्या ओळीतल्या एकच्या बटणाकडे गेलीच नाही. उजव्या हाताची अनामिका जिथे होती तिथेच अलगद दाबली गेली. त्या बोटाखाली एल हे अक्षर असते.

"एकच्या जागी तुम्ही छोटा एल टाइप करताय."

"मग एक कसा करायचा?" तिने विचारले. "आमच्या मशीनवर एकचं बटणच नव्हतं."

हे मला माहीत असायला हवे होते. १८७४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या रेमिंग्टन टाइपरायटरवर आकड्यांची ओळ दोनपासून सुरू होत असे, आणि एकला वेगळे बटण न देण्याची ही काटकसर पुढेही अनेक टाइपरायटरांवर कायम राहिली. कागदावर छोटा एल आणि एक यांच्यात फरक करण्याची कुणाला गरजच पडत नसे. तिच्या बोटांनी तीस वर्षे जे बिनचूक केले होते, तेच त्या दिवशीही केले होते.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली, आणि वर्ग चालू असतानाच मला खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसावे लागले. घरी तिच्या वाचनाच्या सोयीसाठी मी पत्रातला मजकूर मोठा केला की प्रत्येक ओळ मोडून दीड ओळीची होत असे, आणि मी तिच्यावर चिडत असे. ती प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबत होती. कारण टाइपरायटरवर समास जवळ आला की घंटी वाजते आणि कॅरेज हाताने परत न्यावे लागते, आपोआप पुढची ओळ सुरू होत नाही. अक्षरे 'आपोआप गायब होतात' ही तिची तक्रारही खरी होती: टाइपरायटरचे बॅकस्पेस कॅरेज फक्त एक घर मागे नेते, काही पुसत नाही.

पण मला सर्वांत जास्त लागली ती पासवर्डची गोष्ट. मी तिला ई-मेलचे खाते उघडून दिले होते आणि पासवर्ड तिच्या वहीत लिहून दिला होता. ती वहीत पाहून तो टाइप करी आणि तो नाकारला जाई. मी येऊन टाइप केला की पहिल्या फटक्यात उघडे. पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्याने दोघींनाही चूक दिसत नव्हती. "मी बरोबर टाइप करतेय गं," असे ती म्हणायची आणि मी "नीट बघून कर" म्हणायचे. महिनाभरात तिने चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घेतला आणि मग आपल्याला आता जमत नाही असे ठरवून खाते उघडणेच सोडले. त्या पासवर्डात एक हा आकडा दोनदा होता.

हे मी तिला तिथेच सांगितले, सगळ्यांसमोर, कारण ती कमी पडते आहे असे मी घरी सगळ्यांसमोरच म्हणाले होते. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत."

नंतर तिने ते चार आकडे स्वतः दुरुस्त केले. डावी करंगळी वर नेऊन एकचे बटण शोधायला प्रत्येक वेळी तिला थांबावे लागत होते, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते. आकडा सुधारला की तो टुणकन उजव्या कडेला जाई आणि खालची बेरीज बदले. शेवटच्या आकड्यावर एंटर दाबण्याआधी तिने उत्तर मोठ्याने सांगितले, पंधरा हजार सहाशे चाळीस, आणि मग दाबले. शेजारच्या बाईंनी तिला शिफ्ट बटणाला शिफ्ट का म्हणतात ते विचारले, तेव्हा मोठी लिपी उमटवायला यंत्राचा भाग खरोखरच कसा सरकत असे, ते तिने हाताने करून दाखवले. ते मी कधी शिकवले नव्हते.

दोन दिवसांनी तिची पहिली ई-मेल आली. दोन परिच्छेदांचे पत्र होते. पहिल्या परिच्छेदात ओळी मध्येच मोडलेल्या होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. वर तारीख होती. मजकूर वाचण्याआधी मी तारखेतला एक पाहिला. तो एकच होता.